पडदेवाला हमदुल्ला

रेवदंड्याच्या बंदरावर शिडं शिवणारी तीन घरं होती. त्यांतलं एक हमदुल्लाच्या बापाचं. आजाने शिडं शिवली, बापाने शिवली, आणि हमदुल्लाही तेच करणार हे तो जन्मायच्या आधीच ठरून गेलं होतं. दहाव्या वर्षी त्याच्या तळहाताला चामड्याची पट्टी बांधली गेली आणि हातात जाड सुई आली. पण विसाव्या वर्षी त्याचं बापाशी कशावरून तरी बिनसलं, आणि सुपारीच्या गोण्या नेणाऱ्या मचव्यात बसून तो मुंबईला निघून गेला. भांडण कशावरून झालं होतं, हे पुढे त्याचं त्यालाही आठवेना.

मुंबईत फोर्टातल्या एका फर्निचरच्या दुकानाला जाड कापडावर सरळ शिवण घालणारा माणूस हवा होता. त्या दुकानात विलायतेहून रुळाचे पडदे यायचे. म्हातारा गोवेकर मेस्त्री ते साहेबलोकांच्या बंगल्यांत बसवायचा. त्याने हमदुल्लाला हाताखाली घेतलं. लाकडी रूळ एका बाजूने पोकळ, आत तारेची लांबलचक स्प्रिंग. रुळाच्या एका टोकाला गोल खिळा, दुसऱ्या टोकाला चपटी जीभ. खिडकीच्या चौकटीत दोन कड्या ठोकायच्या, एकीला भोक, दुसरीला खाच. पडदा खाली ओढला की स्प्रिंग पिळली जाते. हात थांबला की जिभेजवळची इवलीशी खिट्टी चकतीच्या दातात पडते आणि पडदा जिथल्या तिथे राहतो. हलका झटका दिला की खिट्टी सुटते, पडदा आपोआप वर जातो.

"माप टेपेने घेऊ नको, काठीने घे," मेस्त्री म्हणायचा. "टेप लवते. काठी लवत नाही."

हमदुल्ला शिकला. लग्नापुरता गावी आला, नूरबानूला घरी ठेवून परत गेला. वर्षातून दोनदा यायचा, ईदेला आणि होळीनंतर. १९१८ साली मानमोडीचा ताप गावोगाव पसरला तेव्हा तो मलबार हिलवरच्या एका बंगल्यात बावीस खिडक्यांचं काम करत तिथेच मुक्कामाला होता. गावाहून तार आली, पण खोलीतला जोडीदार स्वतःच तापाने पडलेला. ती तार तीन दिवस त्याच्या उशाखाली राहिली. हमदुल्ला रेवदंड्याला पोचला तेव्हा नूरबानूच्या कबरीवरची माती सुकली होती. त्याची आठ वर्षांची मुलगी फरिदा आत्याच्या पाठीमागे उभी राहून त्याच्याकडे बघत होती. त्याने हात पुढे केला तर ती आणखी मागे सरली.

पोरीला त्याने बहिणीकडे, रेहानाकडे सोपवलं आणि तो मुंबईला परत गेला. त्या बंगल्यातले नऊ पडदे अजून लागायचे होते. दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नव्हतं.

फरिदा गावच्या शाळेत चार बुकं शिकली. दर महिन्याला ती बापाला बाळबोध अक्षरात पत्र लिहायची आणि चाळीतला एक कारकून ते वाचून दाखवायचा. हमदुल्लाने लहानपणी मौलवींकडे कुराणाची अक्षरं गिरवली होती, पण मराठीचं एक अक्षर त्याला येत नव्हतं. १९२७ साली फरिदाचं लग्न चौलच्या रफिकशी झालं. रफिक मोंबासात एका कापडाच्या दुकानात नोकरीला होता. लग्नानंतर दोन महिन्यांनी तो तिला घेऊन आफ्रिकेला गेला. त्याच पावसाळ्यात रेहाना वारली. घराला कुलूप लागलं तर वाळवी खाईल म्हणून हमदुल्लाने मुंबईचं काम सोडलं आणि तो गावी आला. चोवीस वर्षं त्याची वाट बघणारं ते घर. तो आला तेव्हा आत कुणीच उरलं नव्हतं.

पोटाची तशी अडचण नव्हती. अलिबाग, आक्षी, नागाव, किहीम ह्या पट्ट्यात मुंबईच्या वकील-डॉक्टरांनी समुद्रकाठच्या वाड्यांमधून बंगले बांधले होते. दुपारनंतर पश्चिमेचं ऊन थेट आत यायचं, म्हणून त्यांना रुळाचे पडदे हवे असायचे. आणि खाऱ्या हवेत रुळाच्या पडद्याचे हाल होतात. खिट्टी गंजते, स्प्रिंग मंदावते, पावसाळ्यात कापडाला भुरी चढते. हमदुल्लाकडे अकरा बंगले होते. पावसाआधी पडदे उतरवायचे, पुसून, उन्हात तापवून, कडुनिंबाचा पाला घालून गुंडाळून ठेवायचे, दसऱ्याच्या सुमारास पुन्हा चढवायचे. गावातले लोक त्याला हसायचे. वारा यावा म्हणून खिडकी करायची आणि तिलाच पडदा लावायचा! लोकांनी त्याचं नावच पडदेवाला पाडलं.

मालक मंडळी वर्षातून पंधरा दिवस यायची. बाकी सारा काळ बंगले बंद. माळी किल्ली देऊन वाडीत पाणी लावायला निघून जायचा आणि हमदुल्ला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत एकटा फिरायचा. भिंतींवर फोटो असायचे. कुणाची मुंज, कुणाची पदवी. दर वर्षी एखादा नवा फोटो लागलेला दिसायचा. त्या माणसांना त्याने कधी पाहिलं नव्हतं, पण कोणाला मूल झालं, कोण जाड झाला, हे त्याला ठाऊक असायचं. काम संपलं की मागच्या पायरीवर बसून तो भाकरी खायचा आणि किल्ली माळ्याच्या खोपटाच्या दाराला अडकवून घरी यायचा. कधीकधी दिवसभरात त्याच्या तोंडून एक शब्द निघालेला नसे. घरी आल्यावर तो उगाचच खाकरून आवाज काढून बघायचा.

१९३१ च्या कार्तिकात नागावच्या दिघे वकिलांचा निरोप आला. त्यांच्या वडिलार्जित बंगल्यात आता त्यांची बहीण कायमची राहायला आली होती, आणि तिच्या खोलीला पडदे हवे होते.

ती बहीण म्हणजे चंद्राबाई. लहानपणीच विधवा झालेल्या, मग शिकलेल्या, आणि मुंबईत मुलींच्या शाळेत पंचवीस वर्षं शिकवून मुख्य बाई झालेल्या. पन्नाशीला आल्या आणि डोळे बिघडले. डॉक्टर म्हणाले, उजेड सोसायचा नाही आणि काळोखातही बसून राहायचं नाही. नोकरी सुटली. आवडाबाई नावाची नागावातलीच एक बाई स्वयंपाकपाण्याला ठेवली होती.

हमदुल्ला काठीने खिडकी मोजत होता. चंद्राबाई खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या. मालकीण खोलीत असताना काम करायची त्याला सवय राहिली नव्हती.

"एकदाच मोजलंत?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"व्हय बाईसाहेब."

"खाली पण मोजा. ह्या घरातली एकही खिडकी चौकोनी नाही. मी लहानपणी मोजल्यात."

त्याने मोजलं. खाली पाव इंच कमी भरलं.

"बरोबर हाय तुमचं," तो म्हणाला.

"मला पडदा बोटाबोटाने वर-खाली व्हायला हवा. एकदम वर गेला तर मला त्रास होतो."

त्याने चारही पडदे तसेच लावले. पण महिन्याभरात निरोप आला, पडदे बोटाबोटाने थांबत नाहीत, घसरतात. त्याने उघडून पाहिलं. खिट्ट्यांना त्याने तेल दिलं होतं, त्या तेलात बारीक वाळू बसून चिकटा झाला होता. बाकीच्या बंगल्यांत पडदे कोणी ओढतच नसे, म्हणून इतक्या वर्षांत ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती.

"तेल नको," चंद्राबाई म्हणाल्या. "कोरडं काहीतरी हवं. शिसपेनीची पूड घालून बघा." आणि त्यांनी टेबलाच्या खणातून एक शिसपेन काढून दिली. त्याने चाकूने शिसं खरवडून पूड खिट्टीवर टाकली. खिट्टी लोण्यासारखी फिरायला लागली.

"मुलींना भूमितीला लागायच्या," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे दोन डझन पडून आहेत. सगळ्या घेऊन जा."

तेव्हापासून तो दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, नमाज आटोपून नागावला जायला लागला. चौलच्या वाड्यांमधून दोन-अडीच तासांची वाट. चार पडद्यांचं काम तासाभराचं. एखादा सैल झालेला असला तर तो अर्ध्यावर ओढायचा, रूळ कड्यांतून काढायचा, कापड हाताने गुंडाळून पुन्हा बसवायचा, म्हणजे स्प्रिंग घट्ट होते. हे करताना तो शिडीवर, भिंतीकडे तोंड करून. चंद्राबाई त्याच्याकडे पाठ करून. असे एकमेकांना न बघता ते बोलायचे. म्हणूनच बहुधा बोलणं जमलं. नूरबानूच्या तारेची गोष्ट त्याने तेरा वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. ती त्याने एका शुक्रवारी खिळे काढता काढता सांगितली.

चंद्राबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझे यजमान गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यांचा चेहरा मला आठवत नाही. लोकांनी मला जन्मभर त्यांच्यासाठी दुःख करायला लावलं, आणि मला ते करताच आलं नाही."

फरिदाची पत्रं आता त्याच वाचायच्या. पडदा दोन बोटं वर घ्यायला सांगायच्या, भिंग लावायच्या आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत वाचायच्या. मग तो सांगेल तसं उत्तर लिहायच्या. "खुशाल आहे" एवढं सांगून तो थांबला तर रागवायच्या.

"पोरीने तुमच्या जेवणाचं विचारलंय. काय जेवता ते सांगा."

"भाकरी न् मासळी."

"रोज?"

"रोज."

"मग तसं लिहिते. पण मासळी कुठली ते सांगा. तिला तिथे वास आला पाहिजे."

तो हसला. घरी परत जाताना वाटेत त्याला आपण हसलो होतो हे आठवलं आणि जरा नवल वाटलं.

तीन वर्षं अशी गेली. १९३३ साली फरिदाला मुलगी झाली. तिचं नाव आजीचं ठेवलं, नूरबानू.

१९३४ ची दिवाळी झाली आणि चंद्राबाईंचं वाचणं बदललं. त्या भिंग घ्यायच्या, कागद जवळ धरायच्या, पण वाचणं पहिल्यासारखं सावकाश होईना. उलट भराभर व्हायचं. सगळी खुशाल आहेत, इकडे पाऊस बरा आहे, रफिक सलाम सांगतात. जानेवारीत एकदा त्या म्हणाल्या, "पडदा जरा वर घ्या, दिसत नाही."

हमदुल्लाने खिडकीकडे पाहिलं. पडदा पुरता वर होता. पश्चिमेचं ऊन त्यांच्या मांडीवरच्या कागदावर पडलं होतं.

तो क्षणभर उभा राहिला. मग खिडकीपाशी गेला, पडदा हातभर खाली ओढला आणि झटका देऊन पुन्हा वर सोडला. खिट्टीचा टकटक आवाज झाला.

"हां, आता ठीक," चंद्राबाई म्हणाल्या आणि वाचायला लागल्या.

तो काही बोलला नाही. बोललो तर त्यांना लाज वाटेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण पत्रं वाचायची राहिली तर मग शुक्रवारी बसून बोलायला निमित्त काय, हेही त्याच्या मनात आलं होतं, आणि ते त्याने मनातच दाबलं.

फेब्रुवारीत जाड पत्र आलं. तीन कागद, दोन्ही बाजूंनी भरलेले. चंद्राबाईंनी ते दोन मिनिटांत वाचून संपवलं. मुलगी रांगायला लागली आहे, ऊन फार आहे, तुम्ही जपून राहा.

"एवढंच?" हमदुल्लाने विचारलं.

"एवढंच," त्या म्हणाल्या.

नात दोन वर्षांची होत आली होती. ती आता कशी रांगायला लागेल? हा विचार त्याच्या डोक्यात आला आणि त्याने तो तिथेच सोडून दिला. पत्र घडी घालून खिशात ठेवलं.

होळी झाली. एके दिवशी सकाळी तो बंदरावर गेला होता. भिकू तांडेलाचा मचवा मुंबईहून माल टाकून आलेला. भिकूने त्याला लांबूनच हाक मारली.

"चाचा, तुमची फरिदा भेटली ना धक्क्यावर!"

"कुठल्या धक्क्यावर?"

"भाऊच्या. तुमाला म्हाईत न्हाय? चार दिस मुसाफिरखान्यात व्हती. रोज दुपारी धक्क्यावर यायची. रेवदंड्याची आगबोट लागली का उतरणारं एकेक माणूस बघत उभी ऱ्हायची, कडेवर पोर घेऊन. मी पोचलो तो तिचा शेवटचा दिस. सांजच्या गाडीने मद्रासला जायची व्हती, तिथनं रंगूनला. मला इचारते, भिकूदादा, अब्बा आजारी हायेत काय? मी म्हटलं, न्हाय, चांगले हिंडतात फिरतात." भिकू कमरेची पिशवी चाचपू लागला. "तेवढं म्हटल्यावर रडायलाच लागली. मला काय उमगलं न्हाय. रंगूनचा पत्ता बी देऊन गेली माझ्यापाशी."

त्याने कमरेच्या पिशवीतून कागदात गुंडाळलेला एक फोटो काढून दिला. खुर्चीत बसवलेली दोन वर्षांची मुलगी, डोक्यावर जरीची टोपी, पाय लोंबकळणारे. भुवया नूरबानूच्या.

हमदुल्ला तिथून घरी गेला, फेब्रुवारीतलं पत्र घेतलं आणि थेट टपाल कचेरीत बाळाजीपंतांसमोर जाऊन उभा राहिला. बाळाजीपंत टपालमास्तर. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि चष्मा लावून वाचून दाखवलं. त्यात सगळं होतं. मोंबासातलं दुकान बंद होतंय. रफिकला रंगूनला काम मिळालंय. आगबोट अमुक तारखेला मुंबईला लागेल. पुढची तारीख ठरलेली असल्यामुळे गावी येता येणार नाही. "अब्बा, तुम्ही चार दिवसांतून एक दिवस तरी या. नूरला तुमच्या मांडीवर बसवायची आहे. परत कधी येणं होईल ते अल्लाला माहीत."

बाळाजीपंतांनी कागद त्याच्यापुढे सरकवला. "तारीख होऊन गेली की हो, हमदुल्लाभाई."

"व्हय," तो म्हणाला.

तो शुक्रवार नव्हता. तरी भर उन्हात तो नागावला गेला. चंद्राबाईंनी पावलं ओळखली.

"आज कसे आलात?"

त्याने पत्र त्यांच्या हातात ठेवलं. "पुन्हा वाचा, बाईसाहेब."

त्यांनी कागद उलगडला. भिंग शोधलं. "पडदा—"

"पडदा वरच हाय."

मागच्या पडवीत आवडाबाई भांडी घासत होती तेवढाच आवाज.

"फरिदा मुंबईत आली व्हती," हमदुल्ला म्हणाला. "चार दिस. नातीला घेऊन. माझी वाट बघून गेली. ह्याच कागदात लिवलंय."

चंद्राबाईंनी पत्र मांडीवर ठेवलं. त्या ताठ बसल्या होत्या, वर्गात बसाव्यात तशा. "दिवाळीपासून मला अक्षर दिसत नाही," त्या म्हणाल्या. "माणूस सावलीसारखा दिसतो. अक्षर नाही."

"मग सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुम्ही पत्रं दुसरीकडे नेली असती. आणि पडदेही कशाला लागले असते मला?" त्यांचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, नेहमीसारखंच असेल. खुशाली, पाऊसपाणी. दोन पत्रं तशी जुळली होती. तिसरंही जुळेल असं वाटलं."

त्याने डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला.

"तुम्हाला कळलं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "कळलं व्हतं," तो म्हणाला.

"मग तुम्ही का नाही नेलं पत्र दुसऱ्याकडे?"

हमदुल्लाने पत्र उचललं आणि तो बाहेर पडला. उत्तर त्याच्याजवळ होतं, पण ते त्याला तोंडाने सांगता येईना. वाटेत चौलच्या एका विहिरीवर तो थांबला, पाणी काढलं आणि न पिताच बादली तशी ठेवून पुढे गेला.

त्या वर्षी त्याने नागावचे पडदे पावसाआधी उतरवले नाहीत. दहा बंगल्यांचं काम केलं, अकरावा सोडला. पाऊस लागला आणि चार महिने तो घरात बसून राहिला. फोटो त्याने कपाटात ठेवला होता. बाहेर ठेवला की सारखा बघितला जायचा.

दसऱ्याला आवडाबाई रेवदंड्याच्या बाजारात आली होती, तिने त्याचं घर शोधून काढलं.

"बाईंनी धाडलं न्हाय मला," ती दारातूनच म्हणाली. "मीच आले. पडदे भुरीने काळे झालेत, उग्र वास मारतोय खोलीत. बाई तिथंच बसून असतात दिसभर. माझ्याशी बोलतात, पर मला त्यांच्यावानी बोलता येत न्हाय हो."

दोन दिवसांनी तो गेला. "पडदे बघायला आलो," एवढंच म्हणाला. कापड सडलं होतं. त्याने चारही रूळ खाली काढले, जुनं कापड फाडून टाकलं आणि नवं कापड मोजायला घेतलं.

"मी फरिदाला पत्र घातलं," चंद्राबाई म्हणाल्या. "रंगूनचा पत्ता आवडाबाईला बंदरावर धाडून भिकू तांडेलाकडून मिळवला, भावाच्या हाताने लिहवून घेतलं. चूक माझी आहे, तुमची नाही, असं स्पष्ट लिहिलंय."

"माझी पण हाय."

"ती तुमची तुम्ही लिहा."

"मला लिवता येत न्हाय."

"मग शिका. मी शिकवते."

हमदुल्लाचे हात थांबले. "तुमाला दिसत न्हाय, मला येत न्हाय. कसं व्हायचं?"

तो कापड कापायला लागला. कडेची एक लांब पट्टी उरली. ती हातात घेऊन तो बसून राहिला. मग त्याने पिशवीतून शिडाची जुनी सुई आणि मेण लावलेला जाड दोरा काढला.

"तुम्ही सांगा कसं काढायचं," तो म्हणाला. "मी शिवतो. बोटाने तपासा."

चंद्राबाईंनी शाळेत पहिल्या दिवशी शिकवतात तसंच सुरू केलं. ग म भ न. आधी उभी रेघ, तिच्या डोक्यावर आडवी, डावीकडे खाली उतरणारा आकडा. त्याने टाके घातले. त्यांनी पट्टी घेऊन बोट फिरवलं.

"आकडा काठीला चिकटला. असा ग नसतो. उसवा."

त्याने उसवला, पुन्हा शिवला. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "ठीक आहे. आता म."

आता तो आठवड्यातून दोनदा जायला लागला. बावन्न वर्षांचा माणूस, दाढी पिकलेली, ढोपरावर कापडाची पट्टी घेऊन अक्षरं शिवत बसायचा. जोडाक्षरांना तर त्याला घाम फुटायचा. आवडाबाई दारातून बघून पदराआड हसायची. पण कागदावरची अक्षरं हळूहळू वेगळी दिसू लागली. बाजारातल्या पाट्या वाचत तो रस्त्यात उभा राहायचा.

माघात रंगूनहून पाकीट आलं. ते बाळाजीपंतांकडे न्यायचं नाही, असं त्याने ठरवलं. फोडलंही नाही. तसंच नागावला नेलं, खिडकीपाशी बसला आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचायला लागला. अडला की अक्षर कसं दिसतं ते सांगायचा, चंद्राबाई ओळखून सांगायच्या. पहिलं पान वाचायला दुपार सरत आली. दुसऱ्या पानावर त्यांचं नाव आलं. हमदुल्ला थांबला. पुढचं त्याने आधी मनातल्या मनात जुळवून पाहिलं.

"काय झालं?" चंद्राबाईंनी विचारलं. "काय लिहिलंय?"

गाळता आलं असतं. त्याने तसं केलं नाही.

"बाईंचं पत्र मिळालं," तो वाचू लागला. "वाचून मी फार रडले. त्यांना माफ केलं असं मला आज लिहिता येत नाही. पण अब्बा, तुम्ही त्यांच्याकडे जाणं सोडू नका. तुम्हाला दुसरं कोण आहे."

चंद्राबाईंनी मान खाली घातली होती. थोड्या वेळाने त्यांनी पदराने डोळे पुसले.

"'लिहिता' मधला हि ऱ्हस्व आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही लांबवलात. पुढे वाचा."

त्याने फरिदाला पहिलं कार्ड आपल्या हाताने लिहिलं ते १९३६ च्या चैत्रात. सात ओळी. त्यातल्या चार स्वतःच्या चुकीबद्दल होत्या. उरलेल्या तीन ओळींत त्याने घरच्या फणसाला किती फळं धरली आहेत ते लिहिलं होतं.

१९३८ च्या हिवाळ्यात दिघे वकील येऊन बहिणीला दादरला घेऊन गेले. चंद्राबाईंना आता जिना उतरता येत नव्हता आणि आवडाबाईही थकली होती. निघायच्या दिवशी चंद्राबाई टांग्यात बसल्या तेव्हा हमदुल्लाने त्यांच्या मांडीवर अक्षरांच्या पट्ट्यांचं गाठोडं ठेवलं. त्यांनी ते परत केलं.

"मला पाठ आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच लागतील. जोडाक्षरं अजून कच्ची आहेत तुमची."

टांगा अलिबागच्या रस्त्याला लागेपर्यंत तो फाटकात उभा राहिला. आवडाबाई आत जाऊन चूल विझवून आली आणि आपल्या पोरीकडे निघून गेली.

मग नागावचा बंगलाही बाकीच्या बंगल्यांसारखा झाला. माळी किल्ली द्यायचा आणि निघून जायचा. हमदुल्ला महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येऊन चारही पडदे ओढून बघायचा. दादरहून कधीमधी चंद्राबाईंचं, भाचीच्या हातचं पत्र यायचं. रंगूनहून वर्षाला तीन-चार यायची. फरिदाला मुलगा झाला होता, रफिकने भाड्याचं दुकान घेतलं होतं, आणि दर पत्रात येणं पुढच्या वर्षावर जात होतं. बंगल्यातल्या रिकाम्या खोलीत, जिथे उजेड चांगला पडायचा तिथे बसून तो ती मोठ्याने वाचायचा. आवाज भिंतींवर आदळून परत यायचा, म्हणून त्याने पुढे पुढे हळू वाचायची सवय लावून घेतली.

१९३९ च्या उन्हाळ्यात आलेल्या पत्रात खाली वाकड्यातिकड्या मोठ्या अक्षरांत एक वेगळी ओळ होती. सहा वर्षांच्या नूरबानूने लिहिलेली. नानाजान, मी आता ग म भ न लिहिते. त्यातला भ उलटा होता.

हमदुल्लाने ती ओळ बोटाने दोनदा तपासली. मग पत्र घडी करून खिशात ठेवलं, शिसपेन आणि चाकू घेतला आणि शिडी उचलली. बाकीच्या खोल्यांचे पाच पडदे अजून राहिले होते, आणि पाऊस लागायच्या आत सगळे उतरवायचे होते.